घिसाईचा दिवस

गणपती गेले की शहरांत रंगाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. पाऊस ओसरत आलेला, दिवाळी महिना-दीड महिन्यावर, आणि वर्षभर लांबणीवर टाकलेले रंगकाम यंदा उरकायचेच असे घरोघरी ठरलेले. सामान खोलीच्या मधोमध गोळा होते, त्यावर जुन्या चादरी पडतात, देव्हारा आतल्या खोलीत जातो. पहिले दोन-तीन दिवस निभावतात. पोपडे खरवडले जातात, भेगा भरल्या जातात, पुट्टीचा पहिला हात बसतो, वाळल्यावर दुसरा. मग उजाडतो घिसाईचा दिवस.

रंगारी डोक्याला रुमाल बांधतो, नाकातोंडावरून गमछा घेतो, पॉलिश पेपरचा तुकडा लाकडी ठोकळ्याला गुंडाळतो आणि घोडीवर चढतो. त्याच्या डाव्या हातात वायरला लोंबणारा बल्ब असतो. तो भिंतीला अगदी खेटून धरावा लागतो, कारण पुट्टीच्या पत्र्याने ओढलेल्या रेघा आणि खळगे तिरप्या उजेडातच दिसतात. त्याच उजेडात आणखी एक गोष्ट दिसते. हात फिरला की पेपरखालून पांढरा धूर सुटतो आणि सरळ त्याच्या तोंडावर येतो, कारण तोंड भिंतीपासून जेमतेम फूटभर लांब असते. अर्ध्या तासात पापण्या पांढऱ्या होतात. कपाळावरचा घाम त्या पांढऱ्यातून वाट काढत खाली उतरतो. संध्याकाळी तो गॅलरीत जाऊन गमछा झटकतो, तेव्हा कापडाच्या आतल्या बाजूलाही, नाकाच्या जागी, पांढरे दोन ठसे उमटलेले असतात.

गमछ्याने काय अडवले आणि काय नाही, ते या दोन ठशांत दिसते. तरी घरमालक म्हणतात, ‘एवढं तर होणारच.’ रंगारीही म्हणतो, ‘सवय आहे.’ दोन्ही वाक्ये वर्षानुवर्षे चालत आली आहेत आणि दोन्ही चूक आहेत. घिसाईची धूळ जवळजवळ पूर्णपणे अडवता येते. ती अडवली जात नाही, कारण त्याचे पैसे कोणी द्यायचे हे कोणी ठरवलेलेच नाही.

धूळ म्हणजे किती, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. सातशे चौरस फूट कार्पेटच्या टू-बीएचकेत भिंती आणि छत मिळून रंगवायचे क्षेत्र साधारण अडीच हजार चौरस फूट भरते. कार्पेटच्या साडेतीन पट हा ठेकेदारांचा ठोकताळा. एवढ्या क्षेत्राला दोन हातांची पुट्टी सव्वाशे ते दीडशे किलो सहज लागते. तिचा दहावा हिस्सा जरी पेपरने उतरला, तरी बारा ते पंधरा किलो पूड झाली. बंद खिडक्यांच्या घरात, दोन दिवसांत, हवेत उडवलेली. एवढे गव्हाचे पीठ कोणी पंख्याखाली उधळले असते, तर सोसायटी गोळा झाली असती.

त्या पुडीतला जड भाग लगेच खाली बसतो. तो दिसतो आणि झाडता येतो. चिंता करायची ती न दिसणाऱ्या भागाची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. दहा मायक्रॉनचा चुनखडीचा कण छताजवळून सुटला तर स्थिर हवेत सहा-सात मिनिटांत जमिनीवर येतो. एक मायक्रॉनच्या कणाला त्याच दहा फुटांच्या प्रवासाला आठ-नऊ तास लागतात. म्हणजे रंगारी सहाला काम बंद करून गेला आणि घरच्यांनी आठला जेवणाची पाने मांडली, तरी दुपारची धूळ अजून हवेतच असते. पंखा लावला तर ती खाली यायचे नावच घेत नाही. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. हे बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात.

पुट्टीत असते काय? आपल्याकडची बहुतेक पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते. त्यात चुनखडीची किंवा डोलोमाइटची पूड आणि चिकटपणासाठी पॉलिमर. सिमेंट अल्कधर्मी असल्याने ओल्या कातडीवर आणि डोळ्यांत ते झोंबते. पुट्टी मारणाऱ्यांच्या बोटांची टोके फुटलेली दिसतात ती यामुळे. काही मिश्रणांत अभ्रक, टाल्क किंवा सिलिकाचाही अंश असतो. सिलिकाचे बारीक स्फटिक वर्षानुवर्षे छातीत जात राहिले तर काय होते, हे दगडखाणीत आणि पाटा-वरवंटा घडवण्यात आयुष्य घालवलेल्यांच्या कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही. पुट्टीची धूळ खाणीतल्या धुळीइतकी घातक आहे असे म्हणणे चूक होईल. पण ‘चुनाच तर आहे’ म्हणून हसण्यावारी नेण्याइतकी ती निरुपद्रवीही नाही.

जुन्या घरात आणखी एक धोका असतो आणि तो भिंतीपेक्षा दारे-खिडक्यांत जास्त. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा आपला नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये किती शिसे होते हे नुसते पाहून कळत नाही. चौकटीवरचे चार-पाच जुने थर कोरड्या पेपरने घासले, तर ते सगळे पीठ होऊन खाली येते आणि रांगते मूल फरशीवर हात टेकून तोच हात तोंडात घालते. अशा चौकटी कोरड्या घासूच नयेत. त्या ओल्या कराव्यात, वॉटर पेपर वापरावा, निघालेला चिखल ओल्या फडक्याने टिपून ते फडके टाकून द्यावे आणि लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत घरात ठेवू नये. यात तडजोड नको.

शिशाच्या बाबतीत जगाला ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पांढऱ्या शिशाच्या रंगकामाविषयी तेरावा करार केला. कोरड्या घासण्या-खरवडण्यातून उडणाऱ्या धुळीचा धोका शक्य तिथे टाळला पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शंभर वर्षे होऊन गेली. पेपर अजून कोरडाच फिरतो आहे.

अमेरिकेत या प्रश्नाची मोजमापे झाली, कारण तिथल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे दोन कागदांमध्ये जिप्सम भरलेल्या तक्त्यांच्या. तक्ते जोडले की सांध्यांवर आणि स्क्रूच्या डोक्यांवर लांबीसारखे मिश्रण भरतात आणि वाळल्यावर घासतात. एकेकाळी या मिश्रणात ॲस्बेस्टॉसही असे. घरगुती वापराच्या अशा मिश्रणांवर तिथे १९७७ मध्ये बंदी आली. पुढे कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने घिसाई करणाऱ्यांभोवतीची हवा मोजली. एकूण धुळीची कायदेशीर मर्यादा तिथे एका घनमीटर हवेत १५ मिलिग्रॅम आहे; काही कामगार तिच्या दहापटीपर्यंत धूळ झेलत होते. घसा सतत खवखवणे, खोकला, कफ, दम्यासारखा श्वास लागणे अशा तक्रारींची शक्यताही संस्थेने नोंदवली. मग बाजारात मिळणारी, व्हॅक्यूम जोडलेली पाच घिसाई-साधने तिने तपासली. धूळ ८० ते ९७ टक्क्यांनी घटली आणि पाचांपैकी चार साधनांनी ती जवळजवळ ९५ टक्के कमी केली. हे निष्कर्ष १९९९ मध्येच प्रसिद्ध झाले आहेत. ती साधने तेव्हाही प्रयोगशाळेतली नव्हती, दुकानातली होती.

न्यू जर्सीतले एखादे मराठी कुटुंब बेसमेंटची खोली स्वतःच्या हाताने तयार करायला घेते, तेव्हा असे मशिन दिवसाच्या भाड्याने आणता येते. घरचाच माणूस घासणार आणि घरचीच मुले वर झोपणार, म्हणून त्याला धुळीची काळजी आपोआप असते. आपल्याकडे घासणारा वेगळा आणि राहणारा वेगळा. त्यात तिकडे फक्त सांधे घासायचे असतात, इकडे अख्खी भिंत. धूळ आपल्याकडे अधिक आणि बंदोबस्त कमी, असा हा व्यवहार आहे.

मुळात एवढी घिसाई लागावीच का, हाही प्रश्न आहे. पूर्वी दिवाळीआधी चुना भिजत घालायचे, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ पडायची, आणि कुंच्याने भिंती उजळून निघायच्या. भिंतीचा उंचसखलपणा कोणाला खटकत नसे. मग डिस्टेंपर आले, प्लॅस्टिक पेंट आले, आणि आता आरशासारखी भिंत हवी असते. चकचकीत रंगाखाली बारीकशी रेघही उठून दिसते, म्हणून पुट्टी जाड आणि घिसाई जास्त. ज्याला तशी भिंत आवडते त्याने जरूर करावी. पण मॅट रंग निवडला तर बरीच घिसाई वाचते, एवढे ठेकेदाराने ग्राहकाला सांगायला हवे.

धूळ उडते पेपरने, पण ती किती उडणार हे आधी पत्र्याने ठरते. पुट्टी पातळ थरात, सारख्या दाबाने, पत्र्याची धार वारंवार पुसत ओढली तर घासायला फार उरत नाही. दोन्ही हात मिळून थर दीड मिलिमीटरच्या आत ठेवावा, पहिला हात सुकल्यावर सुटे कण ओल्या स्पंजने हलके पुसावेत आणि शेवटी ५०० नंबरचा किंवा त्याहून बारीक पेपर वापरावा, अशा सूचना उत्पादकांकडून मिळतात. प्रत्यक्षात घाईघाईने जाड थर चढतो आणि मग १२० नंबरचा खरखरीत पेपर घेऊन तो उतरवला जातो. रोजंदारीच्या माणसाला तीन दिवसांचे काम दोन दिवसांत संपवायला लावले की हेच होणार. चांगला कारागीर ओळखायची खूण रंगारी स्वतःच सांगतात: ज्याच्या भिंतीखाली पूड कमी, त्याचा हात चांगला.

प्रत्यक्ष घिसाईच्या दिवशी करायच्या गोष्टी फारशा अवघड नाहीत. एका वेळी एकच खोली घ्यावी. तिच्या दाराला जाड प्लॅस्टिक वरून खालपर्यंत चिकटवावे, खाली ओली चादर गुंडाळून फट बुजवावी. खिडकीत एक पंखा बाहेर तोंड करून लावावा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर ओढली जाते आणि घरात शिरत नाही. हे एक केले तरी स्वयंपाकघर वाचते. सगळ्या खिडक्या उघडून छतावरचा पंखा लावणे ही मात्र सर्वांत वाईट युक्ती, कारण त्याने धूळ घरभर फिरते. एसी बंद करून त्याचे तोंड प्लॅस्टिकने बांधावे. आतल्या जाळीत एकदा पुट्टी बसली की पुढचा उन्हाळाभर ती खोलीत येत राहते.

आणि झाडू मारू नये. हे सांगायला शहरातल्या तज्ज्ञाची गरज नाही. मातीच्या अंगणात पाणी शिंपडून मगच केरसुणी फिरवणाऱ्या बायकांना धुळीची रीत पक्की ठाऊक होती. फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर आपण ती विसरलो. कोरड्या झाडूने बसलेली धूळ पुन्हा उठते. ओल्या फडक्याने, पाणी बदलत, दोनदा पुसावे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर लावायचा मोहही टाळावा. साध्या कापडी पिशवीतून पुट्टीचे बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत येतात. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी हेपा गाळणी असेल तरच तो कामाचा.

मास्कच्या बाबतीत तर कोणतीच सबब चालण्यासारखी नाही. कोविडने एन-९५ हा शब्द घराघरात पोहोचवला. भारतीय मानकाच्या भाषेत एफएफपी-२ दर्जाचा, आयएस ९४७३ हा क्रमांक असलेला मास्क हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नाकावर पट्टी दाबून, कडेने हवा गळत नाही हे पाहून तो लावला तर फरक त्याच दिवशी कळतो. दाढी वाढलेली असेल तर कड बसत नाही, हे सांगावे. एकच मास्क आठवडाभर वापरू नये, हेही सांगावे. हजारो रुपयांच्या कामात रोज एक नवा मास्क देणे कोणत्याही घरमालकाला जड नाही. चहा विचारतो तसा मास्क विचारायची पद्धत पडायला हवी. रंगाऱ्याने ‘गुदमरायला होतं’ म्हणून तो काढला तर त्याला दोष देण्याआधी खोलीत किती उकडते ते पाहावे, तासाला दहा मिनिटांची सुट्टी द्यावी, पाणी द्यावे. बंद खोलीत दोन-तीन तास सलग मास्क लावून हात वर करून घासणे सोपे काम नाही.

मास्कपेक्षा मशिन केव्हाही बरे, कारण मास्क एकाला वाचवतो आणि मशिन सगळ्यांना. लांब दांड्याचे, गोल चकतीचे, मागे व्हॅक्यूमची नळी जोडलेले घिसाईचे मशिन आता आपल्याकडेही मिळते. काही रंग-कंपन्या आपल्या सेवेत धूळविरहित घिसाईची जाहिरात करतात. ठेकेदारांचे त्यावरचे आक्षेप खोटे नाहीत. मशिन महाग पडते. कोपरे, चौकटीच्या कडा, पंख्याच्या हुकाभोवतीची जागा हातानेच करावी लागते. नवशिक्याच्या हातात मशिन दिले की भिंतीवर गोल चकंदळे उठतात. पण ब्रेकर आणि ड्रिल भाड्याने देणारी दुकाने प्रत्येक पेठेत आहेत; तिथेच हे मशिन ठेवले तर एकट्या-दुकट्या ठेकेदाराला ते विकत घ्यावे लागणार नाही. राहिले कोपरे, तर तिथे ओला स्पंज चालतो. अमेरिकेत झालेल्या एका तुलनेत ओल्या स्पंजाने आणि लांब दांड्याच्या घासणीनेही धूळ निम्म्याहून जास्त कमी झालेली दिसली. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी एकदा पक्की झाली की स्पंजाला दाद देत नाही, म्हणून कोपरे त्याच दिवशी, ती कोवळी असतानाच उरकावे लागतात.

कायद्याकडे पाहावे तर तिथे रंगाऱ्यासाठी जागा अरुंद आहे. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापना कक्षेत घेतल्या होत्या आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम वगळले होते. दोन माणसे घेऊन टू-बीएचके रंगवणारा ठेकेदार त्या चौकटीत बसतच नव्हता. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या सोसायटीत, उद्या त्या गल्लीत काम करणाऱ्याला तो मिळवताना दमछाक होते. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियम काढले: उंच पत्रे, हिरवे कापड, पाण्याचे फवारे. ते गरजेचेच होते. पण इमारत उभी राहिली, माणसे राहायला आली, की तिच्या आतल्या धुळीला कोणी वाली उरत नाही.

इथे गृहनिर्माण सोसायट्यांना बरेच करता येईल आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. आजही काम काढणाऱ्या सभासदाकडून त्या अनामत घेतात, राडारोडा कोणत्या लिफ्टने न्यायचा ते सांगतात, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद ठेवतात. याच पत्रकात एक कलम घालावे: घिसाईच्या खोलीचे दार प्लॅस्टिकने बंद, व्हॅक्यूमचे मशिन किंवा ओली घिसाई, कामगाराला मास्क, आणि जिन्यात गमछे-पोती झटकायची नाहीत. सोसायटीने असे एक मशिन स्वतःच घेऊन ठेवले आणि सभासदांना भाड्याने दिले, तर शंभर फ्लॅटच्या इमारतीत त्याचा खर्च दोन-तीन दिवाळ्यांत निघावा. वरच्या मजल्यावर दम्याचे आजोबा राहतात आणि खालच्या मजल्यावर घिसाई चालली आहे, असा प्रसंग प्रत्येक इमारतीत येतोच.

आता उरतो तो कोटेशनचा कागद. त्यावर साधारण असे लिहिलेले असते: खरवडणे, पुट्टी दोन हात, प्रायमर एक हात, रंग दोन हात, दर चौरस फुटाला इतके. घिसाई पुट्टीच्याच दरात धरलेली असते. तिला वेगळी ओळ नाही, म्हणून तिला वेगळे पैसे नाहीत आणि म्हणून ती सर्वांत स्वस्त पद्धतीने, माणसाच्या छातीच्या जोरावर होते. यंदा ठेकेदार माप घ्यायला येईल तेव्हा घरमालकाने ती ओळ लिहून घ्यावी: ‘घिसाई व्हॅक्यूमच्या मशिनने, कोपरे ओल्या स्पंजाने, रोज नवा मास्क मालकाकडून, रोज संध्याकाळी ओले पुसणे.’ तिच्यापुढचा आकडा ठेकेदाराने सांगावा आणि त्या एका आकड्यात घरमालकाने घासाघीस करू नये.